मस्टँग जीटीला नवी चाकं आणि टायर: १९ इंची की २० इंची? मदत हवी आहे

नोव्हीचा_नाना

नमस्कार मंडळी,

गाडी २०१९ ची फोर्ड मस्टँग जीटी. ५ लिटरचा व्ही-८, सहा गिअर, मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकेजवाली (पहिलं पॅकेज, ट्रॅकवाल्यांचं दुसरं नव्हे). म्हणजे पुढे ब्रेम्बोचे सहा पिस्टनचे कॅलिपर आणि ३८० मिमीच्या डिस्क. मुक्काम मिशिगन, डेट्रॉइटच्या वायव्येला. गाडी सेकंडहँड घेतली आहे.

कंपनीची चाकं अशी: पुढे १९ बाय ९ (इंचांत व्यास आणि रुंदी), ऑफसेट ४५ (हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यापासून किती मिमी बाहेर, तो आकडा), टायर २५५/४० आर १९. मागे १९ बाय ९.५, ऑफसेट ५२.५, टायर २७५/४० आर १९. टायर अजून पहिलेच आहेत, मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस. साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे आकडे ०५१९, म्हणजे २०१९ चा पाचवा आठवडा. मागच्यांची नक्षी संपत आली आहे.

त्यात फेब्रुवारीत आय-६९६ महामार्गावरच्या एका खड्ड्याने मागचं डावं चाक वाकवलं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवलं की आतली कड लपलपताना साध्या डोळ्यांनी दिसते. हवा सतत उतरते. टायर घ्यायचेच आहेत, एका चाकाचं काहीतरी करायचंच आहे, मग चारही नवीनच का नकोत, असा विचार आहे. (हा विचार खड्ड्याच्या आधीपासूनचा असल्याचं घरातून सांगण्यात येतं. असो.)

दोन पर्याय आहेत.

एका दुकानाचं २० इंची पॅकेज. पुढे २० बाय १०, ऑफसेट ३५, टायर २७५/३५ आर २०. मागे २० बाय ११, ऑफसेट ५०, टायर ३०५/३० आर २०. आत खोल गेलेल्या आऱ्या, चकचकीत काळा रंग. दिसायला जबरदस्त! चाकं ओतीव, टायर मी नाव न ऐकलेल्या कंपनीचे. बसवून, बॅलन्स करून २४०० डॉलर.

दुसरा पर्याय १९ बाय १०, ऑफसेट ४०, चारही सारखी, फ्लो-फॉर्म्ड. त्यावर २७५/४० आर १९ चे चांगले समर टायर. तीन हजारांच्या आसपास जातंय.

आठवड्यातून तीन दिवस डिअरबॉर्नला ऑफिस, बाकी शनिवार-रविवारची हौस. ट्रॅकवर जाणार नाही, गाडी खाली बसवायची नाही. ऑगस्टातल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या (डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावरचा हौशी गाड्यांचा मेळा) आत सगळं झालं तर बरं. बर्फ पडला तरी गाडी चालवतो, हे आधीच सांगून टाकतो. जाणकारांनी मार्ग दाखवावा. आगाऊ धन्यवाद.

चिंचोका

२० च घ्या हो. मसल कार आहे, फेंडरची कमान भरलेली दिसली पाहिजे. वुडवर्डला लोक काय तुमच्या साइडवॉलची उंची मोजणार आहेत?

गिअरबदलू

चिंचोका, तुमचा प्रतिसाद आवडला, पण नानांना तो महागात पडेल.

नाना, त्या पॅकेजातल्या चाकांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. आधी तो हिशोब पाहू. पुढे ९ वरून १० इंच झालं, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच, १२.७ मिमी. ऑफसेट ४५ चा ३५ झाला, म्हणजे सगळं चाक १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड २२.७ मिमी बाहेर येते, आतली जेमतेम २.७ मिमी आत जाते. मागे ९.५ वरून ११: बाहेर साडेएकवीस, आत साडेसोळा. या मापांच्या जवळपासची चाकं या पिढीच्या मस्टँगवर लोक वापरतात. बसतात.

गडबड टायरमध्ये आहे. रुंदीला (२५५/४० मधले २५५ मिमी) टक्केवारीने (पुढचे ४०) गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा, की टायरचा व्यास मिळतो. तुमच्या कंपनीच्या टायरचा व्यास पुढे ६८६.६ मिमी, मागे ७०२.६. मागचा १६ मिमीने मोठा. आता पॅकेज बघा: पुढे ७००.५, मागे ६९१. इथे पुढचा मोठा आणि मागचा लहान! दुकानदाराने रुंदी बघून टायर लावलेत, उंची कोणी बघितलेली दिसत नाही.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (ब्रेक लावताना आणि वेग घेताना चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणा) चारही चाकांच्या फिरण्याचा वेग सतत ताडून पाहतात. तुमच्या गाडीत सरळ रस्त्यावर मागची चाकं पुढच्यांपेक्षा साधारण सव्वादोन टक्के हळू फिरतात. पॅकेज लावलं की ती जवळपास दीड टक्का जास्त वेगाने फिरतील. गाडीच्या दृष्टीने मागची चाकं कायमच थोडी घसरताहेत. मग भलत्या वेळी पॉवर कापली जाणं, दिवा लुकलुकणं हे प्रकार सुरू होऊ शकतात. ४६० अश्वशक्तीच्या, मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत ही यंत्रणा गोंधळलेली नको.

आता खड्डे. मागे तुमची साइडवॉल ११० मिमी आहे, ३०५/३० आर २० ची ९१.५ भरते. ११० वर चाक वाकलंय, हे विसरू नका. आय-६९६ तीच राहणार आहे.

माझं मत दुसऱ्या पर्यायाला. टायर आधी ठरवा, मग त्याला साजेसं चाक. लोक नेमकं उलटं करतात.

मुळा_मुठा

@गिअरबदलू, एक शंका. चारही २७५/४० लावले तर पुढे-मागे व्यास एकच होतो. म्हणजे कंपनीचं गुणोत्तर इथेही बदललंच की. मग २० वाल्या पॅकेजलाच दोष का?

गिअरबदलू

रास्त प्रश्न. बदलतं, पण समान होतं, उलटं होत नाही. या पिढीच्या साध्या जीटीला कंपनीच चारही चाकांना २३५/५० आर १८ द्यायची. दुसऱ्या परफॉर्मन्स पॅकेजला तर चारही ३०५/३० आर १९. म्हणजे पुढे-मागे एकच माप ही या गाडीला परकी गोष्ट नाही, आणि १९ बाय १० चा चौकोनी (चारही सारखा) सेट या पिढीवर भरपूर लोक चालवतात.

खबरदारी एकच. पुढचा टायर ८ मिमी वर चढेल आणि चाकाची बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर येईल. एक चाक बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि लायनरला (कमानीच्या आतल्या अस्तराला) कुठे घासत नाही ना ते टॉर्च मारून बघा. बाकी तिघांवर टायर चढवायच्या आधी. टायर एकदा चढला की दुकान परत घेत नाही.

चौकोनी सेटचा मोठा फायदा म्हणजे पुढचे-मागचे टायर अदलाबदल करता येतात. तुमच्या आताच्या सेटमध्ये ते शक्यच नाही, म्हणून मागचे आधी संपलेत.

धातूवाली

चाकांच्या फाउंड्रीत काही वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते.

साधं ओतीव चाक म्हणजे वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओतायचं आणि थंड होऊ द्यायचं. आत बारीक पोकळ्या राहू शकतात, म्हणून ताकदीसाठी जाडी ठेवावी लागते आणि वजन वाढतं. फ्लो-फॉर्म्डमध्ये मधला भाग ओतीवच असतो, पण बाहेरचं पिंप (टायर ज्यावर बसतो तो गोल भाग) गरम करून, फिरवत, रोलरने दाबून ताणतात. धातू दाट होतो, भिंत पातळ ठेवता येते. खड्डा नेमका त्या पिंपाच्या कडेवरच बसतो, त्यामुळे तुमच्या रस्त्यांना हेच चाक योग्य. पूर्ण घडीव चाक सगळ्यात भारी, पण त्याच्या किमतीत तुमचं बजेट बसणार नाही आणि तुमच्या वापराला त्याची गरजही नाही.

घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, चाकाची भार क्षमता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लेबल असतं, त्यावर प्रत्येक आसाचा कमाल भार दिलेला असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा चाकाचा आकडा कमी असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. जीटी १६८० किलोच्या घरातली गाडी आहे, वर माणसं आणि सामान. दुसरं, चाचणी कोणत्या मानकाप्रमाणे केली ते विचारा. अमेरिकेत बाजारातल्या चाकांसाठी एसएई जे-२५३० आहे, जपानी पद्धतीच्या चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे ठसे असतात. विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही, तर तेही उत्तरच समजा.

वाकलेलं चाक फेकू नका. आतल्या कडेला नुसता वाक असेल आणि तडा नसेल तर चांगला कारागीर ते सरळ करून देतो. तडा असेल तर भंगारात. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी नेऊ नका.

नोव्हीचा_नाना

गिअरबदलू, धातूवाली ताई, मनापासून आभार. दुकानात फोन करून व्यासाबद्दल विचारलं. "सगळे हेच लावतात" असं उत्तर आलं. भार क्षमता विचारली तर "बघून सांगतो", ते अजून बघताहेत. २० चं पॅकेज बाद.

आता नवीन मोह. ऑफिसातला एकजण डॉज चॅलेंजर विकतोय. तिची वाइडबॉडीची २० बाय ११ ची चारही चाकं वेगळी द्यायला तयार आहे, अगदी स्वस्तात. दोन्ही गाड्यांना पाचच नट. बसतील का?

गिअरबदलू

नाही. मस्टँगचे पाच बोल्ट ११४.३ मिमीच्या वर्तुळावर असतात, चॅलेंजरचे ११५ वर. ०.७ मिमीचा फरक डोळ्याला कळतही नाही, नट आटेही पकडतो, म्हणूनच हे धोक्याचं आहे. नट सीटवर (चाकातल्या त्याच्या बैठकीवर) नीट बसत नाही, बोल्टवर तिरका ताण येत राहतो आणि काही दिवसांनी नट सैल होतात. मधलं भोकही वेगळं: तुमच्या हबला ७०.५ मिमी लागतं, तिचं त्याहून मोठं. शिवाय वाइडबॉडीच्या चाकांचा ऑफसेट शून्याच्याही खाली असतो, त्यासाठी त्या गाडीला रुंद कमानी दिल्यात. तुमच्यावर लावली तर मागची चाकं सात सेंटीमीटर बाहेर लोंबतील. (कॅमॅरोची कोणी दिली तर तीही नकोत, तिचं वर्तुळ १२० चं.)

चिंचोका

सात सेंटीमीटर बाहेर म्हणजे वुडवर्डला फोटो तरी नक्की निघेल.

सदाशिव_पेठी

अवांतर: पुण्यात मामेभावाकडे भारतात विकली गेलेली जीटी आहे. त्याला २० चा विचारही शिवत नाही. गतिरोधकावरून गाडी तिरकी घेऊन उतरवताना त्याचा चेहरा बघायला आम्ही मुद्दाम सोबत जातो. चालू द्या.

धातूवाली

नाना, तुम्ही बर्फातही गाडी चालवता म्हणालात त्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालंय. समर टायरचं रबर ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. पकड तर जातेच, पण कडाक्याच्या थंडीत गाडी हलवली तर रबराला चिरा पडू शकतात. तुमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल हीच कथा असणार. एकाच सेटवर बारा महिने काढायचे असतील तर ऑल-सीझन घ्या आणि उन्हाळ्यात थोडी पकड सोडून द्या. नाहीतर दोन सेट करा.

मी असते तर कंपनीची चाकं, वाकलेलं सरळ करून, हिवाळ्याला ठेवली असती. त्यांवर त्याच मापाचे विंटर टायर. मीठ लागून रंग उडाला तर जुन्या चाकांचा उडेल. नवी १९ बाय १० एप्रिलच्या शेवटी बाहेर काढायची.

नोव्हीचा_नाना

हे पटलं. पैसे दोन भागांत जातील, म्हणजे घरी मांडायलाही सोपं. आता १९ बाय १० आणि समर टायर. विंटर टायर ऑक्टोबरात. टायर परत पायलट स्पोर्ट ४एस च घेतो, त्यांनी मला कधी दगा दिलेला नाही.

शेवटचे दोन प्रश्न: हवेच्या दाबाचे सेन्सर जुने काढून नव्या चाकांत घालू का? आणि नट कंपनीचेच चालतील?

गिअरबदलू

सेन्सर नवीनच घ्या. दोन सेट होणार असतील तर वर्षातून दोनदा टायर उतरवून सेन्सर हलवण्यात काही अर्थ नाही. शिवाय जुन्यांच्या आत बंदिस्त बॅटरी असते, तिचंही वय झालंय. अमेरिकेतल्या फोर्डला ३१५ मेगाहर्ट्झचे लागतात. गाडीला ओळख करून द्यायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, दर मोसमात दुकानात जावं लागणार नाही.

नटांचं माप एम १४, आट्यांचं अंतर दीड मिमी, सीट ६० अंशांची शंकूसारखी. चाकवाल्याकडून सीट तीच आहे याची खात्री करा. कंपनीच्या नटांवर पत्र्याची टोपी असते, मिठाने आत गंज धरला की ती फुगते आणि पाना बसत नाही. एकसंध पोलादाचे घ्या, वीस नट आणि एखाददुसरा जादा.

आवळताना टॉर्क रेंच १५० फूट-पाउंडावर लावा, म्हणजे २०४ न्यूटन-मीटर. हवेच्या गनने शेवटचा दाब देऊ देऊ नका. मग पन्नास ते शंभर मैल झाले की थंड चाकांवर पुन्हा एकदा तपासा. बसवून झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, खड्ड्यात गेलेली गाडी आहे. आणि फोटो टाका.