प्रतिसाद: फिलिप्स ईई किटमधला एएफ११६

ईई२० या फिलिप्सच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक्स किटवर जोडलेला रेडिओ मुका आहे आणि त्यातला एएफ११६ हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर मिळत नाही, असं वर विचारलंय. नवा शोधण्याआधी आहे तोच तपासा, बहुतेकदा तो मेलेला नसतो. या मालिकेच्या ट्रान्झिस्टरच्या धातूच्या डबीत आतून कथिलाचे केसासारखे तंतू उगवतात आणि आतल्या एखाद्या टोकाला शिवतात. चार पायांपैकी जो एकटा, लांब अंतरावर आहे तो कलेक्टर. त्याच्या शेजारचा शील्ड (म्हणजे बाहेरच्या डबीला जोडलेला पाय), मग बेस, मग एमिटर. शील्ड आणि बाकी तिघांमध्ये मल्टिमीटर लावा. कुठेही ओहमचं रीडिंग दिसलं, म्हणजे जोड लागला, तर तंतूच.

शील्डचा पाय किटच्या जोडणीच्या स्प्रिंगमधून काढून मोकळा ठेवा, कापू नका. एकच टोक चिकटलं असेल तर एवढ्याने रेडिओ बोलतो. दोन टोकं चिकटली असतील तर कलेक्टर, बेस, एमिटर हे तिन्ही पाय एकत्र पिळा आणि ३० व्होल्टला भारलेला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्यांच्या व शील्डच्या मध्ये रिकामा करा. तंतू जळतो, पण पुन्हा उगवू शकतो. कायमचा उपाय हवा तर त्याच्या जागी एएफ१२६ हा ट्रान्झिस्टर घ्या.

किटमधला दुसरा जर्मेनियम ट्रान्झिस्टर एसी१२६, त्याच्याऐवजी एसी१२५ किंवा एसी१२८ चालतो. बीसी५५७ हा सिलिकॉन ट्रान्झिस्टर थेट बसवू नका: सिलिकॉनला बेसवर ०.६ व्होल्ट लागतात, जर्मेनियमला ०.२ च्या आसपास, त्यामुळे बायसचे (बेसला हे व्होल्टेज देणारे) रेझिस्टर बदलावे लागतात.

ओए७९ या जर्मेनियम डायोडसाठी एए११९ उत्तम. घेताना मीटरच्या डायोड रेंजवर ०.६ दिसला तर तो सिलिकॉन, परत करा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र सगळेच नवे घाला.