ग्रामीण गृहकर्ज: 'गाव' कशाला म्हणायचं

ताई, यूएसडीएचं (अमेरिकेच्या कृषी खात्याचं) ग्रामीण गृहकर्ज फक्त शेतकऱ्यांना मिळतं असं तुम्ही लिहिलंय, तो गैरसमज आहे. शेती असावी लागत नाही. तुमच्या इलिनॉयमधल्या मॅक्लीन काउंटीचंच बघा. ब्लूमिंग्टन आणि नॉर्मल शहरात मोडतात, तिथलं घर बसणार नाही. पण लीरॉय, हेवर्थसारखी छोटी गावं चालतात, आणि तिथून ऑफिसला रोज गाडीने येणारे कितीतरी आहेत. यूएसडीएच्या नकाशावर घराचा नेमका पत्ता टाकून बघा. शहराच्या हद्दीजवळ तर बघाच, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.

खरी गोम उत्पन्नात आहे. हमी कर्जाला (पैसे बँक देते, हमी यूएसडीए घेते) त्या भागाच्या मध्यक (median) उत्पन्नाच्या 115 टक्क्यांपर्यंत मर्यादा असते, आणि त्यात घरात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची कमाई धरतात, कर्जावर नाव असो वा नसो. मुलांमागे आणि पाळणाघराच्या खर्चामागे वजावट मिळते, ती मागून घ्या.

डाउन पेमेंट शून्य असलं तरी फुकट काही नाही. सुरुवातीला 1 टक्का हमी शुल्क, पुढे दरवर्षी शिल्लक कर्जावर 0.35 टक्के. अडीच लाख डॉलरवर आधी 2,500, मग पहिल्या वर्षी महिन्याला साधारण 73 डॉलर. आधीचे 2,500 कर्जातच घालता येतात.

आणि एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर थांबा. साधारणपणे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हवं. घराच्या प्रेमात पडण्याआधी हे विचारा, मुलांनी खोल्या वाटून घेतल्यावर नकार ऐकणं फार जड जातं.