क्राफ्ट पाऊचच्या आत काय आहे, हे डिझायनरने सांगायचं की नाही?

रेषा_आणि_रंग (धागाकर्ती)

पुण्यात आमचा छोटा डिझाइन स्टुडिओ आहे. खाद्यपदार्थांचं पॅकेजिंग हे मुख्य काम. गूळ पावडर, नाचणीचं सत्त्व, सेंद्रिय हळद असं काही घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं मागणं एकच असतं: "क्राफ्ट पेपरचा स्टँडी पाऊच (फळीवर उभं राहणारं पाकीट) करा, माल इको-फ्रेंडली दिसला पाहिजे."

हा पाऊच नुसत्या कागदाचा क्वचितच असतो. बाहेर तपकिरी कागद, मध्ये बहुधा मेटपेट (धातूचा मुलामा दिलेलं पॉलिस्टर) किंवा फॉइल आणि आत पॉलिथिन. पुढे खिडकी असेल तर तीही प्लास्टिकची. हे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की सुटे करणं परवडत नाही. त्यामुळे पाऊच कागदाच्या लगद्यात जात नाही आणि प्लास्टिक वितळवून केलेल्या दाण्यातही जात नाही. केंद्राच्या २०२२ च्या ईपीआर नियमांत (वेष्टनाच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम) प्लास्टिकला दुसऱ्या पदार्थाचा थर जोडलेलं वेष्टन वेगळ्या, तिसऱ्या वर्गात टाकलंय; निव्वळ प्लास्टिकची लवचीक पाकिटं दुसऱ्या वर्गात येतात. म्हणजे जी साधी पॉलिथिनची पिशवी पाहून ग्राहक नाक मुरडतो, तिचा पुनर्वापर तुलनेने सोपा. आणि जो पाऊच हातात घेऊन त्याला बरं वाटतं, तो बहुतेक जाळला तरी जातो किंवा पुरला तरी जातो. हे बरं वाटणं आम्ही डिझायनर तयार करतो, त्याचे पैसे घेतो.

म्हणून आम्ही ठरवलंय की ज्या पाऊचचे थर आम्हाला माहीत नाहीत, त्याच्यावर पान, पृथ्वी, हिरवे बाण यातलं काहीही काढायचं नाही. थरांची माहिती पाऊच बनवणाऱ्याकडून लेखी मागवायची आणि पाठीमागे तीच छापायची. क्लायंट तयार नसेल तर काम सोडायचं.

आमच्या व्यवसायातलं सगळ्यात मोठं उदाहरण बीपीचं. २००० साली लँडॉर या एजन्सीने त्या तेल कंपनीला हिरव्या-पिवळ्या पाकळ्यांचं सूर्यचिन्ह दिलं, ओगिल्वी या जाहिरात संस्थेने 'बियाँड पेट्रोलियम' (पेट्रोलियमच्या पलीकडे) ही मोहीम केली. धंदा मुख्यतः तेलाचा आणि वायूचाच राहिला. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात बीपीसाठी विहीर खोदणाऱ्या डीपवॉटर होरायझन या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि समुद्रात आठवडेच्या आठवडे तेल वाहत राहिलं. चिन्ह म्हणून ते काम उत्तमच आहे. मला त्रास होतो तो त्याचाच. आपलं कौशल्य जितकं जास्त, तितका खोटा दावा जास्त खपतो.

तुमचं मत सांगा, विशेषतः या धंद्यातल्या लोकांनी.

ब्रँडवाला_अंधेरी

पूर्ण असहमत. मी वीसेक माणसांची एजन्सी चालवतो, पगार द्यायचे असतात. वेष्टनाचे थर तपासणं हे पॅकेजिंग टेक्नॉलॉजिस्टचं काम, कायद्याचं पालन हे उत्पादकाचं काम. डिझायनरने स्वतःकडे इन्स्पेक्टरची भूमिका घेतली तर क्लायंट शेजारच्या एजन्सीकडे जाईल. पाऊच तोच राहील, फक्त बिल दुसऱ्याच्या नावाने निघेल.

कायदाही वाचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सर्वसाधारण रंगसंगती आणि चित्रं ग्रीनवॉशिंगच्या (पर्यावरणपूरक असल्याचा खोटा आव आणण्याच्या) व्याख्येतून वगळली आहेत. तपकिरी रंग वापरणं हा गुन्हा नाही.

आणि बीपीचं उदाहरण उलट माझ्या बाजूने जातं. २०१० मध्ये लोक इतके चिडले, कारण कंपनीने स्वतःच मोठं वचन दिलं होतं. तेलगळती इतर कंपन्यांच्याही झाल्या. पण लोकांनी विडंबनाला घेतलं ते हेच चिन्ह. ब्रँडने जाहीर बोललेलं वाक्य कंपनीच्या गळ्यात अडकतं, आणि पुढे त्याच वाक्यावरून तिला जाब विचारता येतो. म्हणून मी क्लायंटला हिरवं बोलायला लावतो. आज अर्धवट असेल, उद्या त्याला ते निभवावं लागतं.

रेषा_आणि_रंग

ती सूट अर्धीच सांगितलीत. रंग आणि चित्रं वगळली आहेत, पण ती फसवी किंवा दिशाभूल करणारी नसतील तरच. त्याच व्याख्येत असंही आहे की चांगली बाजू ठळक करून वाईट बाजू झाकणारी चिन्हं आणि प्रतिमा म्हणजे ग्रीनवॉशिंग. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरता येत नाहीत. आणि ही तत्त्वं उत्पादकाइतकीच जाहिरात संस्थेलाही लागू आहेत. "ते क्लायंटचं काम" म्हणून बाजूला होता येत नाही.

वचन गळ्यात अडकतं हे मान्य. पण बीपीला जाब विचारला गेला तो स्फोटानंतर. त्याआधीची दहा वर्षं ते चिन्ह पंपापंपांवर झळकत होतं.

कागद_काच_पत्रा

मी पुण्यात कचरावेचक महिलांसोबत काम करते. इथे सगळे ग्राहकाच्या डोळ्यांबद्दल बोलताहेत. वस्तू संपल्यावर तुमचं डिझाइन आमच्या वर्गीकरणाच्या टेबलावर येतं, आणि तिथे ब्रँड कुणी वाचत नाही. भंगारवाला भाव देतो की नाही, एवढंच बघितलं जातं. क्राफ्ट पाऊचला भाव नाही. बाईने तो वेचला, पोत्यात भरला, वाहिला, की ती मेहनत फुकट.

पेटच्या (पाण्याच्या, शीतपेयाच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटलीचं घ्या. पारदर्शक बाटलीला रंगीत बाटलीपेक्षा चांगला भाव मिळतो. स्प्राइटने २०२२ मध्ये अमेरिकेत हिरवी बाटली सोडून पारदर्शक आणली ती याचसाठी, हिरव्या पेटची पुन्हा बाटली होणं कठीण. पण मग डिझायनर त्याच पारदर्शक बाटलीला वरपासून खालपर्यंत छापील स्लीव्ह चढवतो, कारण चारी बाजूंनी चित्र हवं. ती स्लीव्ह पीव्हीसी या दुसऱ्या प्लास्टिकची असेल तर पेटचा पूर्ण घाणा खराब करू शकते. हा निर्णय डिझायनरच्या स्क्रीनवर होतो, ब्रँडवाला साहेब. तिथे टेक्नॉलॉजिस्ट नंतर येतो.

पुण्यातल्या 'स्वच्छ' संस्थेच्या बायकांनी २०१३ मध्ये लोकांनी टाकलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिले होते. मागणी साधी होती: गुंडाळून टाकायला सोबत पाकीट द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत ती तरतूद आली. एक पाकीट डिझाइन करायला कचरा उचलणाऱ्या बायकांना एवढं करावं लागलं.

गुऱ्हाळ_करवीर

मी गूळ पावडर आणि काकवी विकतो. सगळ्यांचं वाचलं. ताई, तुमचं पटतं, पण माझा हिशेब ऐका.

स्वतःच्या छपाईचा पाऊच करायचा तर रोटो छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा कोरलेला सिलिंडर, आणि वर किमान ऑर्डर एवढी की माझा दोन हंगामांचा माल त्यात भरून उरेल. म्हणून आम्ही सगळे लहान लोक बाजारातून तयार कोरा क्राफ्ट पाऊच आणतो आणि स्टिकर चिकटवतो. त्याचे थर कुठले, हे दुकानदारालाही माहीत नसतं. तुम्ही लेखी मागितलंत तर तो हसेल.

काचेची बरणी परवडत नाही. कोल्हापूरहून मुंबईला जाईपर्यंत फुटते, आणि वजनाचं भाडं वेगळं. पावसाळ्यात गूळ पावडर ओल धरते, गोळे होतात, ग्राहक परत पाठवतो. माल खराब होऊन फेकला तर ऊस, पाणी, जळण सगळं वाया. ते पर्यावरणाचं नुकसान नाही का?

कोड_आणि_कागद

पाऊचवर एवढी चर्चा, आणि एजन्सीची स्वतःची वेबसाइट? उघडली की आपोआप चालणारा व्हिडिओ, आता वर एआयने काढलेली शंभर मॉकअप (नमुना-चित्रं). आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली, जगाच्या विजेच्या साधारण दीड टक्का. बार्सिलोनातलं 'लो-टेक मॅगझिन' २०१८ पासून सौर पॅनेलवर चालणारी वेबसाइट चालवतंय. चित्रं दाणेदार आणि हलकी, आणि सलग ढगाळ हवा असली की साइट बंद पडू शकते हे ते वाचकांना उघड सांगतात.

ब्रँडवाला_अंधेरी

एखाद्या स्टुडिओच्या वेबसाइटने त्या दीड टक्क्यात काय फरक पडणार? पाऊचवरच राहू या. गुऱ्हाळवाल्यांनी मी म्हणतो तेच सांगितलंय. तत्त्व पुण्याच्या स्टुडिओत बसून ठरतं, किंमत मोजतो तो करवीरचा शेतकरी.

रेषा_आणि_रंग

दादा, गूळ पावडरला मुख्य त्रास ओलीचा आहे. पॉलिथिन ओल चांगली अडवतं. जाड, निव्वळ पॉलिथिनचा तयार झिप पाऊच घेतलात तर फॉइलची गरज बहुधा पडणार नाही. पाच-दहा पाकिटं पावसाळाभर ठेवून आधी तपासा. स्टिकरही पॉलिथिन फिल्मचा घ्या, म्हणजे सगळं एकाच जातीचं राहील. हळदीला हे चालणार नाही, तिला उजेडापासूनही जपावं लागतं आणि वासही टिकवावा लागतो. म्हणून मी सरसकट नियम सांगत नाही. पण प्रत्येक मालाला हा प्रश्न विचारणं हे डिझायनरचंच काम आहे, असं माझं ठाम मत आहे. डायलाइन, म्हणजे पाऊच कापण्या-दुमडण्याचा आराखडा, आखायच्या आधी.

गुऱ्हाळ_करवीर

प्रदर्शनात प्लास्टिकची पिशवी दिसली की मुंबईच्या बाई विचारतात, "सेंद्रिय आणि प्लास्टिकात?" आणि पुढच्या स्टॉलवर जातात. त्यांना तुम्ही समजवायला येणार का?

रेषा_आणि_रंग

तेच तर माझं काम आहे. पुढच्या बाजूला, नावाच्या खाली, वाचता येईल अशा आकारात लिहू: "हा पाऊच एकाच प्रकारच्या प्लास्टिकचा आहे. धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्या." खाली गुऱ्हाळाचं गाव आणि गळिताचा महिना. प्रदर्शनासाठी स्टॉलवर ठेवायला एक पाटी करून देते, तिच्यात दोन्ही पाऊच कापून थर उघडे करून लावू. पैसे घेणार नाही.

ब्रँडवाला_अंधेरी

पाटी चांगली होईल, शंका नाही. पण दुकानाच्या फळीवर पाटी नसते, तिथे शेजारी दहा तपकिरी पाऊच असतात. कायदा सगळ्यांवर सारखा राबवला जाईपर्यंत मी माझ्या क्लायंटला हा सल्ला देणार नाही.

गुऱ्हाळ_करवीर

एक किलोचं पाकीट नेहमीच्या ग्राहकांना जातं, ते तुम्ही सांगता तसं करून बघतो. प्रदर्शनाला आणि दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सला क्राफ्टच राहील, आधीच सांगतो. दोन्हीचा मजकूर पाठवा.

रेषा_आणि_रंग

क्राफ्टचा एक कोरा पाऊच कुरिअर करा, थर तपासून घेते. आत फॉइल आणि प्लास्टिक निघालं तर मागे तसंच छापावं लागेल, गिफ्ट बॉक्सवरसुद्धा. ते चालणार असेल तरच पाठवा.