अनुभव धागा : हॅरिस-ट्रम्प डिबेट तुमच्या घरात कशी रंगली?

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांची 10 सप्टेंबर 2024ची फिलाडेल्फियातली डिबेट पाहिलीत ना? कोण जिंकलं याचा हिशेब वाहिन्या मांडतायत, इथे तो नको. बघताना घरात काय बोलणं झालं, दोघांना कशावर तोललंत, ते लिहा. आणि भांडू नका, गौरी घरात आहेत.

माझ्यापासून सुरुवात करते. एडिसन, न्यू जर्सी. गौरींना भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला आणि नऊला टीव्हीसमोर बसलो. हॅरिस चालत ट्रम्पच्या पोडियमपर्यंत गेली, नाव सांगून हात पुढे केला. जूनमध्ये अटलांटात बायडन-ट्रम्प यांनी हात मिळवलेच नव्हते. नवरा म्हणाला, पहिला पॉइंट तिला. पण चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांचं बरं चाललंय का, हा पहिलाच प्रश्न तिने स्वतःच्या मध्यमवर्गीय बालपणावर नेऊन सोडला. घरातलं वाणसामान मी भरते हो, मला सरळ उत्तर हवं होतं.

पुणे : आमच्याकडे 11 तारखेची सकाळ, साडेसहा. एकीकडे पुरणाची डाळ शिजतेय, दुसरीकडे लेकीने लावलेली डिबेट. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही. पाच मिनिटं बघून म्हणाल्या, "अगं, हा तिच्याकडे बघतच नाही की!" मग कुकरची शिट्टी झाली. त्यानंतर मीही फक्त चेहरेच बघत राहिले. तो बोलताना ती हनुवटीला हात लावून बघत होती, आमच्या शाळेतल्या बाई बघायच्या तशी.

डॅलस : आम्हाला मत आहे, पण मत देता येत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत 12 वर्षं. मुलगी 20 पूर्ण. 21 झाली की आमच्या व्हिसावर राहता येणार नाही. इमिग्रेशनवर दोघं तावातावाने बोलले, सगळं सीमेवरचं. रांगेतल्यांचं नाव कुणीच काढलं नाही. या एका विषयात माझ्या लेखी दोघं सारखेच.

डेटन, ओहायो (12 सप्टेंबर) : ट्रम्प म्हणे, "स्प्रिंगफील्डमध्ये स्थलांतरित लोक कुत्र्यांना मारून खातात"! अर्ध्या तासावरचं गाव ते. सूत्रसंचालक म्यूरने तिथल्या तिथे सांगितलं, की विश्वासार्ह तक्रार नाही असं सिटी मॅनेजर म्हणतात. तरी नांदेडहून मामांचा फोन आलाच : "खरंच खातात का रे?" नऊ वर्षांत त्यांनी ओहायोबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. हसलो. आज बॉम्बच्या धमकीने तिथला सिटी हॉल रिकामा केला, आता हसू येत नाही.

पिट्सबर्ग (नोव्हेंबर) : धागा वर काढतेय. तेव्हा लिहायचं राहून गेलं. आमचा शेजारी गॅसच्या विहिरींवर कामाला आहे. हॅरिस म्हणाली, फ्रॅकिंगवर (खडक फोडून गॅस काढण्यावर) बंदी घालणार नाही. 2019मध्ये घालणार म्हणाली होती, ते त्याला पाठ. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी म्हणाला, "बोलली छान. मत मात्र त्याला." मी त्याला हट्टी समजले. आमचं राज्य पेनसिल्व्हेनिया ट्रम्पकडे गेलं, देशभरात इलेक्टोरल मतं 312-226, जिंकला तोच. परवा त्याने आमच्याही अंगणातली पानं झाडून दिली. मी चहा दिला. डिबेटचा विषय दोघांनीही काढला नाही.