आईपण हाच पवित्र होण्याचा मार्ग म्हणतात, ते खरंय का?

दोन_पोरांची_आई:
थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मोठी चार वर्षांची, धाकटा चौदा महिन्यांचा. लग्नाआधी मी रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जायचे, रोझरी, म्हणजे माळेवरची मरियेची प्रार्थना, झाल्याशिवाय झोपायचे नाही, आणि आता कित्येक महिन्यांत एक रोझरी धड पूर्ण झालेली नाही, दुसऱ्या रहस्यावरच (रोझरीच्या दुसऱ्या टप्प्यावरच) डोळा लागतो आणि सकाळी माळ उशीखाली सापडते नाहीतर धाकट्याच्या तोंडात. रविवारी मिस्साला जातो पण मी कायम मागच्या दाराशी त्याला कडेवर घेऊन उभी, शुभवर्तमान सुरू झालं की हा रडायला लागतो, बाहेर फिरवून आत येईपर्यंत फादरांचं प्रवचन संपलेलं.

कुणाला सांगावं तर ठरलेलं उत्तर, अगं आईपण हीच तुझी प्रार्थना. मला नाही पटत. परवा मोठीने दूध सांडलं तर मी एवढी ओरडले की ती टेबलाखाली जाऊन बसली, दहा मिनिटं बाहेर येईना. ही कसली प्रार्थना? त्यात उदाहरण द्यायचं तर संत जियाना मोल्लाचं, पोटातल्या बाळासाठी तिने जीव दिला. आणि इथे मला रात्रीची झोप द्यायची पण जीवावर येते. मग माझ्यासारखीला देवाची कृपा मिळते का, की ती अशा बायकांसाठीच असते?

सावकाश_वाचक:
ताई, आधी मिस्साचं. कॅटेकिझमचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाचा परिच्छेद 2181 काढून बघा, रविवारच्या मिस्साला न जाण्याची गंभीर कारणं म्हणून जी उदाहरणं दिलीत ती दोनच, आजारपण आणि तान्ह्या बाळांची देखभाल. तुम्ही तर जाताय, दाराशी का असेना.

आता कृपेचं. कृपा मिळवायची असते हाच घोळ आहे. बायबलात लूक 1:28 मध्ये देवदूत येशूच्या आईला, मरियेला 'कृपापूर्ण' म्हणतो तेव्हा तिने येशूची आई व्हायला होकार दिलेला नाही, ती आई झालेली नाही, तिने अजून काहीच केलेलं नाही. मूळ ग्रीक शब्दाचं रूपसुद्धा 'जिच्यावर कृपा होऊन गेलेली आहे' असं. म्हणजे कृपा आधी, आईपण नंतर. 1854 मध्ये पोप नववे पायस यांनी निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत जाहीर केला त्यातही हेच, की मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली त्या क्षणापासून तिच्यावर कृपा होती. आपल्याला ती बाप्तिस्म्यात मिळते, आणि चिडचिडीने ओरडलं म्हणून लगेच जात नाही, ती जाते गंभीर पापाने. ओरडणं ही प्रार्थना नव्हती हे मात्र तुमचं बरोबर, उगाच गोड नाव देऊ नका. मुलीला सॉरी म्हणा, कन्फेशनला (फादरांकडे पापांची कबुली द्यायला) गेलात की सांगा, झालं.

सुई_दोरा:
अगं तू जियानाला ठेव बाजूला, झेली मार्टिनबद्दल वाच. संत छोट्या तेरेजाची आई, फ्रान्समध्ये आलाँसोंला लेसचा धंदा चालवायची, घरी काम करणाऱ्या बायकांकडून तुकडे घ्यायचे आणि ते जोडायचं बारीक काम स्वतः करायचं. नऊ मुलं झाली त्यातली चार लहानपणीच गेली. 1873 ला तेरेजा झाली, तिला अंगावर पाजणं जमेना, पोर मरायला टेकली तेव्हा गावाबाहेरच्या एका दाईकडे ठेवली, वर्षभर! आज कुणी असं केलं तर बाकीच्या आया काय काय बोलतील. आणि तिची पत्रं वाचलीस तर सगळीकडे थकवा, मुलगी लिओनी ऐकत नाही, ऑर्डर वेळेत पुऱ्या होत नाहीत. मुलींना एका पत्रात लिहिते की मला संत व्हायचंय पण सोपं नाही, फोडायला लाकूड खूप आहे आणि ते दगडासारखं आहे. मला ही बाई म्हणूनच आवडते. 1877 मध्ये कॅन्सरने गेली, 2015 मध्ये दोघा नवराबायकोला एकत्र संत जाहीर केलं.

आणि हो, तिचा नवरा घड्याळजी होता, त्याने आपलं दुकान विकलं आणि हिच्या धंद्यात हातभार लावला. तुमच्याकडे दाराशी कायम तूच का उभी? एक रविवार तू, एक रविवार तो. आईपण हीच प्रार्थना हे वाक्य बायकांपेक्षा बाप्येच जास्त म्हणतात असा माझा अनुभव 😄

नाईट_ड्युटी:
जियानाची गोष्ट पण अर्धवट सांगतात म्हणून लिहितो. ती स्वतः डॉक्टर होती. चौथ्या मुलाच्या वेळी गर्भाशयात गाठ निघाली. गर्भाशयच काढून टाकायला चर्चची हरकत नसती, कारण तिथे हेतू आईवर उपचाराचा, बाळाला मारण्याचा नाही. तिने फक्त गाठ काढून घेतली, स्वतःसाठी जास्त धोक्याची वाट. ऑपरेशन नीट झालं, पुढे कित्येक महिने ती घर सांभाळत होती. बाळ झालं 21 एप्रिल 1962 ला आणि पोटातल्या इन्फेक्शनने ती आठवड्याने गेली. प्रत्येक आईने असं केलंच पाहिजे असा नियम नाही, म्हणूनच तिला संत म्हणतात. नियम पाळला म्हणून कुणी संत म्हणत नाही.

रिकामा_पाळणा:
मला मूल नाही. दोनदा राहिलं, टिकलं नाही. प्रवचनात आईपण आणि पवित्रता एका दमात येतात तेव्हा मी चपलांकडे बघत बसते. जियानाचेही आधी दोन गर्भ आपोआप पडले होते, तेवढं सोडून बाकी सगळं सांगतात. लूक 11:27 मध्ये गर्दीतली बाई येशूला म्हणते, ज्या उदराने तुला वाहिलं ते धन्य, आणि तो म्हणतो, त्यापेक्षा देवाचं वचन ऐकून पाळतात ते धन्य. मरियेलाही यात कमी लेखलेलं नाही, ऐकून होकार देणारी पहिली तीच. पण माझ्यासाठी जागा आहे ती या दुसऱ्या वाक्यात. शीर्षक वाचून पहिल्यांदा धागा उघडलाच नव्हता.

दोन_पोरांची_आई:
@रिकामा_पाळणा सॉरी गं. शीर्षक टाकताना डोक्यातच आलं नाही, आता बदलायचा पर्याय दिसत नाहीये, अ‍ॅडमिनला विचारते. @सुई_दोरा नवऱ्याला तुझी कमेंट वाचून दाखवली, या रविवारी तो उभा राहणार म्हणतोय, बघू.