फोल्डिंग रिब घ्यावी, साधी डिंगी घ्यावी की आणखी काही? (मुंबई, चौथा मजला, एकच पार्किंग)

खारफुटी_बोरिवली

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. स्टिल्टमध्ये एकच पार्किंग, तिथे हॅचबॅक उभी असते. घरातल्या घरात ठेवता येईल अशी लहान होडी घ्यायचं डोक्यात आहे. गोराई-मनोरीची खाडी, थंडीत अलिबागच्या बाजूचे किनारे, जमलं तर घाटावरचं एखादं धरण. सगळ्यांना पोहता येतं.

यूट्यूबवर फोल्डिंग रिब पाहिली. तळ फायबरचा, बाजूला हवेच्या ट्यूब, आणि तरीही तळासकट घडी होऊन पिशवीत जाते. नवरा प्रेमात पडलाय, मी अजून पडलेले नाही. साधी फुगवायची डिंगी, पॉलिप्रॉपिलिनची घडीची होडी, फुगवायची कयाक असेही पर्याय दिसतात. बजेट कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते: इंजिन धरून एका बऱ्या सेकंडहँड हॅचबॅकएवढं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वल्हव_रे

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याही घरी हीच चर्चा चालू आहे, फक्त विरोधी पक्षात मी आहे.

भांगाची_भरती

आधी घोळ मिटवू. फोल्डिंग रिब या नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत फक्त ट्रान्सम, म्हणजे मागची इंजिन लावायची फळी, आत दुमडते. हवा काढली की उंची कमी होते, पण लांबी तेवढीच राहते. ती मोठ्या यॉटच्या डेकवर बांधून ठेवण्यासाठी केलेली असते, तुमच्या कामाची नाही. दुसरीत तळच दोन-तीन तुकड्यांचा असतो आणि सांध्यावर घडी पडते. तुम्ही पाहिलीत ती ही. जाहिरात वाचताना लांबीचा आकडा घडीचा आहे की उघड्या होडीचा, एवढं बघितलंत तरी निम्म्या जाहिराती बाद होतील.

आता तुमची लिफ्ट. सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो लिहिलेलं असतं, त्यामुळे वजनाचा प्रश्न येत नाही. प्रश्न मापाचा आहे. असली लिफ्ट आत जेमतेम मीटरभर खोल असते. कडक तळाचे तीन भाग केले तरी प्रत्येक भाग मीटरभर लांब राहतोच, कारण फायबर काही गुंडाळता येत नाही. म्हणजे गठ्ठा उभा करून न्यायचा, आणि सोबत माणूस मावला तर मावला. साध्या डिंगीची हवा काढली की ती वळकटी होते, कुठेही कोंबा.

वजन सांगतो. २.७ ते २.९ मीटरची एअर-डेक डिंगी, म्हणजे जिची पाय ठेवायची जमीनही हवेने फुगवायची असते ती, ३०-३५ किलो. त्याच मापात प्लायवूड किंवा ॲल्युमिनियमच्या फळ्या असलेली ४५-५०. फोल्डिंग रिब पन्नासच्या आसपास सुरू होते आणि मोठ्या मापात साठ ओलांडते. तुम्ही दोघं उचलणार आहात, तेही घामाघूम होऊन परत आल्यावर. एअर-डेक घ्या.

पॉलिप्रॉपिलिनची होडी फार गुणी. हवा नको, टोचायची भीती नाही, घडी चार इंच जाडीची. पण दहा फुटांची होडी घडी घालूनही दहा फुटांचीच राहते. बंगला असता तर डोळे मिटून हीच घ्या म्हटलं असतं. फ्लॅटमध्ये ती जिन्याच्या वळणावर अडकणार आणि सोसायटीची पुढची तीन वर्षांची भांडणं तिच्यावरून होणार.

मांडवा_रिटर्न

भांगाची_भरती यांचं लिफ्टशास्त्र मान्य. पण होडी पाण्यात कशी चालते हे कोणी बोलेल का?

जानेवारीपासून पुढे दुपार झाली की वायव्येचा वारा सुटतो आणि मुंबई बंदरात आखूड, उभ्या लाटा उठतात. सपाट तळाची डिंगी त्यांच्यावर थाडथाड आपटते. एअर-डेक मधे वाकतो, पुढे बसलेल्याच्या अंगावर पाणी येतं आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यासरशी फिरते. रिबचा व्ही आकाराचा तळ लाट कापतो, सरळ रेषेत चालतो, वळताना घसरत नाही. एअर-डेकखाली फुगवायचा कणा असतो, त्याने थोडा फरक पडतो, पण तो फायबरची बरोबरी करत नाही.

दुसरं, आपल्या किनाऱ्यावरची खडपं कालवांनी भरलेली असतात. पायाला लागलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कापडी तळाची होडी तिथे लावणं म्हणजे पैसे खडकावर घासणं. कडक तळाला ओरखडा पडतो आणि काम चालू राहतं.

लहान मूल सोबत असेल तर मी रिबच घेईन, आणि उचलायला वॉचमनला चहापाणी देईन.

भांगाची_भरती

@मांडवा_रिटर्न, तळाबद्दल सगळं बरोबर. पण व्ही तळाचा खरा फायदा होडी पाण्यावर उचलली जाऊन पळायला लागली की मिळतो. दोन मोठी माणसं, एक मूल आणि सामान घेऊन तसं पळायचं तर आठ-दहा अश्वशक्ती हवी. ९.९ चं फोर-स्ट्रोक चाळीस किलोच्या आसपास भरतं. रिब पंचावन्न, इंजिन चाळीस, पेट्रोलची टाकी, नांगर, जॅकेटं: शंभर किलोच्या वर गेलात. हे हॅचबॅकमध्ये टाकून मुलीला कुठे बसवणार?

अडीच अश्वशक्तीचं इंजिन चौदा किलोच्या आत मिळतं, एका हाताने उचलतं. पण त्यावर ही रिब काय आणि डिंगी काय, चारेक नॉटनेच (ताशी सात-साडेसात किलोमीटर) जाणार. मग फायबरचे पैसे कशाचे?

अवांतर: कालवांचा मुद्दा मात्र खरा आहे. खडपांवर कापडी होडी लावू नये, वाळूवर लावावी.

खारफुटी_बोरिवली

धन्यवाद! लिफ्ट आत्ताच मोजून आले. आत ९८ सेंटीमीटर. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग अडीच अश्वशक्ती खाडीत पुरेल का?

तांडेलाचा_नातू

ताई, पुरेल की नाही ते इंजिनाला विचारू नका, तिथीला विचारा.

उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईत भरती आणि सुकतीत चार मीटरच्या वर फरक पडतो. एवढं पाणी सहा तासांत खाडीच्या तोंडातून आत यायचं आणि सहा तासांत बाहेर जायचं. ओढ दोन-तीन नॉटची. तुमची चार नॉटची होडी तिच्यासमोर चालवून बघा, किनाऱ्यावरचा माणूस चालत पुढे जाईल. वल्ह्यांवर असाल तर मागेच जाल. भांगाला, म्हणजे अष्टमी-नवमीला, फरक निम्म्याहून कमी आणि ओढही कमी.

वेळ काढायची रीत आमच्याकडे बारक्या पोरांनाही येते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पुढची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांनी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून भरतीचा तक्ता बघायचाच, पण घरबसल्या बेत ठरवायला एवढं बास.

तुमच्यासाठी दशमी-एकादशीचा रविवार चांगला. उजाडताना पाणी चढत असतं, त्याच्याबरोबर खाडीत आत जायचं. आठ-सव्वाआठला पाणी थांबलं की फिरायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर परत. दोन्ही वेळा पाणीच तुम्हाला नेतं. वाराही तोवर उठलेला नसतो. दहाच्या आत होडी बाहेर काढा, कारण त्यानंतर काठाला चिखल उघडा पडतो.

त्या चिखलाबद्दल इथे कोणी बोललंच नाही. सुकतीला बंदराच्या पायऱ्या संपतात आणि पुढे गुडघाभर चिखल. शंभर किलोची होडी त्यातून ओढायची म्हणजे चार माणसं हवीत. मागे लावायची चाकंसुद्धा रुततात. हलकी डिंगी दोघं चिखलावरून घसरत नेतात. माझं मत हलक्या होडीला.

आणि डोल जाळ्यांचे बोये दिसले की लांबून जा. पंख्यात दोर अडकला तर इंजिन बंद, होडी प्रवाहात, आणि जाळं आमचं फाटतं ते वेगळंच. मार्वे-मनोरी फेरीच्या वाटेत थांबू नका.

सरकारी_शिक्का

सगळे पाण्यात उतरलेत, कागद किनाऱ्यावरच राहिलेत.

वल्ह्याची होडी आणि इंजिनाची होडी यांत फरक आहे. इंजिन लावलं की यांत्रिक नौका झाली. मग इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ प्रमाणे सर्व्हे आणि नोंदणी आली. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड बघतं. होडी घेण्याआधी त्यांच्या बंदर कार्यालयात जाऊन तुमच्या मापाच्या फुगवायच्या होडीसाठी काय काय लागेल ते विचारा. विक्रेता म्हणेल, 'एवढ्याशा होडीला कोण विचारतंय?' त्याच्याकडून हे वाक्य बिलावर लिहून घ्या, बघू देतो का.

मुंबईत विचारतात. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार नगरात रबरी डिंगीतूनच उतरले होते. तेव्हापासून अनोळखी फुगवायची होडी काठाला लागली की कोळीवाड्यातून पोलिसांना फोन जातो, आणि जायलाच हवा. मार्वेला नौदलाचा आयएनएस हमला तळ आहे, हेही ध्यानात ठेवा. निघण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात आणि बंदरावर सांगून जा, ओळखपत्रं जवळ ठेवा. होडीचा रंग केशरी किंवा पिवळा घ्या. काळी-करडी घेऊ नका.

धरणांवर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. विहार आणि तुळशीचा विचारही नको, ते पिण्याचं पाणी आहे. पवईत मगरी आहेत.

मांडवा_रिटर्न

केशरी रंगाला +१. दूरवरून दिसतेही.

दोन_वल्ही_एक_पिशवी

इंजिनच नको, हा पर्याय कोणी मांडत नाहीये म्हणून लिहिते. आमच्याकडे दोघांची फुगवायची कयाक आहे. पाठीवरच्या पिशवीत मावते, ऑटोतही जाते. पंपाने दहा-पंधरा मिनिटांत तयार. डिकॅथलॉनमध्ये प्रत्यक्ष बघून, बसून घेता येते, बाकीच्या होड्यांचं तसं नाही. धरणाच्या शांत पाण्यात याहून सुख नाही. पेट्रोलचा वास नाही, पक्षी उडत नाहीत.

मर्यादा: वाऱ्यात ती पानासारखी वाहवत जाते. समुद्रात नेऊ नका. पॉलिप्रॉपिलिनच्या घडीच्या कयाकचंही तेच, दिसायला देखणी आणि हलकी, पण एकटीने शांत पाण्यात मारायची गोष्ट.

खारफुटी_बोरिवली

@दोन_वल्ही_एक_पिशवी, मुलीला हे वाचून दाखवलं, तिचं मत पक्कं झालं. पण तिघांना एका कयाकमध्ये बसवणं कठीण.

@तांडेलाचा_नातू, दादा, पाऊणपटीचं कॅलेंडरवर लिहून ठेवलं. खूप आभार.

आता एअर-डेक डिंगीकडे झुकले आहे. कापड पीव्हीसीचं घ्यावं की हायपलॉनचं, म्हणजे त्या कृत्रिम रबराचं?

गोंद_आणि_ऊन

माझा विषय निघाला.

आपल्याकडे होडीला मारतं ते समुद्रापेक्षा ऊन आणि दमट हवा. पीव्हीसी स्वस्त, हलकं, घट्ट गुंडाळता येतं. उन्हात पडून राहिलं तर चिकट होतं, आणि गोंदाने चिकटवलेले सांधे काही वर्षांत सुटू लागतात. त्यामुळे पीव्हीसी घेणार असाल तर उष्णतेने वेल्ड केलेल्या सांध्यांचं घ्या. हायपलॉन ऊन चांगलं सोसतं, पण महाग आणि जड. ड्युपाँटने २०१० मध्ये ते बनवणं थांबवलं, आता त्याच जातीचं कापड इतर कंपन्या बनवतात, नाव मात्र तेच रूढ आहे. तुमची होडी घरात, सावलीत राहणार. वेल्ड केलेलं पीव्हीसी पुरे. हायपलॉनचे जादा पैसे बारा महिने बाहेर पडून राहणाऱ्या होडीवर वसूल होतात.

हवेचं: ट्यूबमध्ये साधारण साडेतीन पीएसआय (टायरच्या हवेचं असतं तेच दाबाचं माप), एअर-डेकमध्ये दहा-बारा. ट्यूबच्या पंपाने डेक पुरेसा कडक होत नाही, दोन टप्प्यांचा पंप लागतो. सकाळी गारव्यात भरलेली होडी दुपारी वाळूवर ठेवलीत तर हवा तापते. दहा अंशांमागे ट्यूबचा दाब साधारण अर्धा पीएसआय चढतो, आणि उन्हातल्या गडद ट्यूबचं तापमान दहावर थांबत नाही. काठावर आलात की थोडी हवा सोडा.

फोल्डिंग रिबबद्दल माझा आक्षेप वेगळाच आहे, सांध्यांचा. घडी पडते तिथे वाळू आणि मीठ जाऊन बसतं, आणि प्रत्येक घडीला घासतं. दरवेळी गोड्या पाण्याने धुवायला हवं. मुंबईत पाणी यायच्या वेळेत बाथरूममध्ये दीड मीटर रुंद होडी धुऊन दाखवा. (साध्या डिंगीतही डेक आणि तळाच्या मधे वाळू जाते, पण डेक काढून झटकता येतो.) शिवाय सांधा बिघडला तर सुटा भाग परदेशातून मागवावा लागणार, वर आयात शुल्क.

वल्हव_रे

बाल्कनीत धुवा. खालच्या मजल्यावरचे स्वतःच धागा काढतील.

मांडवा_रिटर्न

ठीक आहे, फ्लॅटसाठी डिंगी मान्य करतो. पण ज्याच्याकडे तळमजल्याचं गॅरेज आणि एसयूव्ही आहे त्याने फोल्डिंग रिब घ्यावी, यावर मी ठाम आहे. आणि डिंगी घेऊन मांडव्याला समुद्रातून जाऊ नका. होडी डिकीत टाका, भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने जा आणि पलीकडे शांत पाणी बघून उतरा. जॅकेटं मापाची घ्या, मुलीचं लहान मुलांचंच, मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात जॅकेट वर आणि मूल खाली.

खारफुटी_बोरिवली

ठरलं मग: २.८ मीटरच्या आसपास, वेल्ड केलेलं पीव्हीसी, एअर-डेक, फुगवायचा कणा, केशरी. आधी मेरीटाईम बोर्डात चौकशी, मग इंजिन. तोवर धरणावर परवानगी काढून वल्ह्यांवर. नवऱ्याने विनंती केली आहे की घरात 'फोल्डिंग' हा शब्द आठवडाभर काढू नये.

पनवेलला एक वापरलेली मिळतेय. बघायला जाताना काय तपासू?

गोंद_आणि_ऊन

आदल्या दिवशी संध्याकाळी पूर्ण फुगवून सावलीत ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तुमच्यासमोर फुगवलेली होडी अर्धा तास चांगलीच दिसते. गारव्याने किंचित मऊ झाली असेल तर चालेल, एक कप्पा बाकीच्यांपेक्षा ढिला असेल तर तिथे गळती आहे. झडपा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे बघा. ट्रान्सम जिथे ट्यूबला चिकटतो तिथे नख घालून बघा, कडा सुटत असेल तर किमतीवर बोलूच नका, परत या. ट्रान्समच्या प्लायवूडवर बोटाने टकटक करा, बद्द आवाज आला तर आत पाणी मुरलंय. डेक खाली उतरवून भरायला सांगा आणि त्यावर उभ्या राहा. आणि बिल मागा, नोंदणीला लागेल.