क्यूबा: पाहिलेलं, ऐकलेलं, तिथे राहून अनुभवलेलं

रानजाई
क्यूबात पुन्हा देशभर वीज गेल्याची बातमी वाचली आणि हवानातल्या आमच्या घरमालकीणबाई डोळ्यांपुढे आल्या. २०१७ मध्ये व्हेदादो भागात त्यांच्याकडे उतरलो होतो. तिथे परवाना काढून घरातली खोली पाहुण्यांना देतात, दारावर निळी खूण असते. बाई निवृत्त शिक्षिका. १९६१ च्या साक्षरता मोहिमेत चौदा वर्षांच्या होत्या. हातात कंदील आणि दोन पुस्तकं, मुक्काम डोंगरातल्या एका शेतकऱ्याकडे. दिवसा त्यांच्याबरोबर कॉफीच्या बागेत राबायचं, रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांनाच अक्षरं शिकवायची. अशी लाखभर शाळकरी पोरं गावोगाव गेली होती. शिकून झालं की शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने क्यूबाचे नेते फिदेल कास्त्रो यांना पत्र लिहायचं, तीच परीक्षा! बाईंचा विद्यार्थी पन्नाशीचा होता. पेन इतकं दाबून धरायचा की कागद फाटायचा, हे सांगताना त्यांनी स्वतःची मूठ आवळून दाखवली.
स्वयंपाकघरात खिळ्याला रेशनचं पुस्तक, लिब्रेता, टांगलेलं. १९६२ पासून चालू आहे. तेव्हा रोज माणशी एक छोटा पाव, महिन्याला सात पौंड तांदूळ, पाच अंडी, थोडी साखर, डाळ-घेवडा, आणि भाजलेले वाटाणे मिसळलेली कॉफी. दूध सात वर्षांपर्यंतच्या मुलांना. महिन्याचं रेशन महिनाभर पुरत नाही, हे त्या लपवत नव्हत्या. तरी सकाळची पहिली कॉफी आम्हालाच.
कुणाचा क्यूबाशी कसलाही संबंध आला असेल तर लिहा. ऐकीव असलं तरी चालेल.

चहाबाज
तिथली रांग!! दुकानापाशी आलात की मोठ्याने विचारायचं, शेवटचं कोण? एखादी आजी हात वर करते. तिच्या मागे आपला नंबर, मग खुशाल झाडाखाली जाऊन बसा. कोप्पेलिया आइस्क्रीमला गेलो तेव्हा मला वाटलं, वा, चार-पाचच माणसं आहेत. बाकीची बागभर पसरलेली 😄 आम्ही लहानपणी रॉकेलच्या रांगेत डबे ठेवून खेळायला जायचो ते आठवलं.

रानजाई
@चहाबाज, आमच्याकडे डब्यावर खडूने नाव असायचं.

चहाबाज
आणि कुणीतरी पुसायचं 😂

डॉकाका
ओपीडी चालू आहे, थोडक्यात लिहितो. नेत्रविभागात शिकत असताना आमचे सर क्यूबाची केस हमखास सांगायचे. सोव्हिएत संघ कोसळला, तेल आणि धान्य येणं थांबलं, माणसं मैलोन्‌मैल चिनी सायकली मारायला लागली, आणि जेवणात साखर तेवढी उरली. १९९२-९३ मध्ये जवळपास पन्नास हजार लोकांची नजर अंधूक झाली किंवा हातपाय बधिर झाले. मुळाशी कुपोषण, मुख्यतः ब जीवनसत्त्वाची कमतरता. सरकारने सगळ्या लोकसंख्येला गोळ्या वाटल्या. दारोदार पोचायला वस्तीवस्तीत फॅमिली डॉक्टर होताच, खाली दवाखाना आणि वर त्याचं घर. साथ आटोक्यात आली. ज्या देशात औषधाची बाटली मिळत नव्हती त्याने हे केलं, याचं मला आजही मोल वाटतं. पेशंट आला, नंतर लिहितो.

लाल_माती
सोलापूर. १९९२. बाबा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं काम करायचे. क्यूबाला गहू पाठवायचा म्हणून पक्षाचे नेते हरकिशनसिंग सुरजीत यांनी देशभर हाक दिली होती, दहा हजार टन. आमच्या चाळीत पत्र्याचा डबा फिरला. विडी वळणाऱ्या बायका, ज्यांच्या घरी उद्याच्या भाकरीची वानवा, त्या रुपया-दोन रुपये टाकत होत्या. एक मावशी बाबांना म्हणाली, "कुठं हाय ते गाव?" बाबांनी नकाशा काढला. ती म्हणाली, "लई लांब हाय की ओ," आणि आणखी एक रुपया टाकला.

शेवगा
@लाल_माती, काटा आला अंगावर.

टँपाकर
वाचतोय सगळं, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. मी फ्लोरिडात असतो. माझा सहकारी १९९४ च्या उन्हाळ्यात निघालेल्यांपैकी. त्या वर्षी पस्तीसेक हजार माणसं समुद्रात उतरली. ट्रकच्या ट्यूबा, लाकडी फळ्या, दोरखंड, झालं तराफं. अमेरिकी तटरक्षकांनी उचलून त्याला ग्वान्तानामोच्या अमेरिकी तळावर तंबूत ठेवलं, तिथून इकडे. त्याच्या तराफ्यावरचा धाकटा चुलतभाऊ पोचला नाही. ११ जुलै २०२१ ला लोक रस्त्यावर आले, त्यानंतर शेकडो जण तुरुंगात गेले. तो रोज रात्री त्यांच्याबद्दल बोलतो. अमेरिकेच्या नाकेबंदीने गळा आवळलाय हे खरंच, पण स्वतःच्या माणसांना बोलू न देणं हे वॉशिंग्टनने नाही शिकवलं.

डॉकाका
@टँपाकर, मान्य. माझा मुद्दा दवाखान्यापुरता होता. तिथल्या डॉक्टरला टॅक्सीवाल्यापेक्षा कमी मिळतं आणि तोही देश सोडतोय, हेही खरं. तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

ऊसवाली
आमचं घर साखर कारखान्यावर जगलं म्हणून माझं लक्ष उसाकडेच. १९७० च्या हंगामात एक कोटी टन साखर काढायची असा फिदेलनी पण केला. शिक्षक, कारकून, सैनिक सगळे फडात कोयता घेऊन. निघाली ८५ लाख टन, म्हणजे तिथला विक्रमच, पण बाकीची सगळी कामं ठप्प झाली. २००२ मध्ये जवळपास निम्मे कारखाने बंद केले. आता त्या देशाला साखर बाहेरून आणावी लागते! क्यूबातल्याच त्रिनिदाद गावाजवळच्या खोऱ्यात मळ्याच्या मालकाचा उंच मनोरा आहे, वरून गुलामांवर नजर ठेवायचे. गुलामगिरी तिथे १८८६ पर्यंत होती. मनोऱ्याखाली एक बाई चरकावर रस काढून देत होती. बर्फ घालून प्यायले, आलं-लिंबू नसताना गोड मिट्ट लागतो.

शेवगा
शाकाहारी माणसाने काय खायचं तिथे?

ऊसवाली
भात आणि काळा घेवडा. परत भात आणि काळा घेवडा. मलांगा नावाचा कंद असतो, अळकुड्यांचा भाऊच, त्याची भजी फार छान. केळ्याचे काप. पेरू भरपूर.

शेवगा
भजी म्हटल्यावर जमेल 😀

हुक_पंच
भाऊ बॉक्सिंग करायचा. त्या वर्तुळात क्यूबन कोच म्हणजे देव. बी. आय. फर्नांडिस यांनी आपल्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवलं, २०१२ मध्ये द्रोणाचार्य मिळाला. परदेशी माणसाला मिळालेला पहिलाच. तेओफिलो स्टीव्हन्सनचा फोटो भावाच्या कपाटावर अजून आहे, सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णं. व्यावसायिक होण्यासाठी लाखो डॉलर देऊ केले तरी गेला नाही.

आजीची_नात
आमच्या आजीला क्यूबाचं एकच माहीत, १९८३ मध्ये दिल्लीच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत फिदेलने इंदिराबाईंना मिठी मारली ते. टीव्हीवर शेजारपाजारचे सगळे बघत होते. आजी म्हणते बाई क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या. हे ती दर दिवाळीला सांगते. भाजी करपतेय, पळते.

मोहोर
रानजाईताई, फेब्रुवारीत जायचा विचार आहे. वीज नसते म्हणतात, जाऊ की नको?

रानजाई
जा. पण तयारीने. माटान्सासचं गितेरास वीजकेंद्र बंद पडलं की अख्ख्या बेटाचं जाळं कोसळू शकतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच झालं. बॅटरी, पॉवर बँक, रोख युरो घे. अमेरिकी बँकेचं कार्ड चालत नाही. हॉटेलात नको, कुणाच्या घरी उतर, पैसे थेट त्या माणसाला पोचतात. आणि बॅगेत जागा ठेवून साबण, पॅरासिटामॉल, रक्तदाबाच्या गोळ्या, सुई-दोरा ने.

मोहोर
गोळ्या विमानतळावर अडवतात का?

डॉकाका
मूळ पाकिटात ठेव, बरोबर चिठ्ठी असू दे. कुठल्या न्यायच्या ते व्यनि (खाजगी निरोप) कर, यादी देतो.